सवलतीचें पंचांग व शेताचें पंचांग

ऑनलाइन बाजारांत आजचा भाव उद्यां राहत नाहीं, ही तक्रार शेतकरी बंधू वारंवार करितात. परवां घेतलेली ताडपत्री आज स्वस्त दिसली म्हणजे मन खट्टू होतें. परंतु भाव चढउतार करणारच. खरी उणीव आपल्यापाशीं त्याची नोंद नसते, ही होय.

छापील कमाल किंमत ही विक्रीची वरची मर्यादा आहे, चालू भाव नव्हे. तिच्यावरून काढलेली ६० टक्के सूट पुष्कळदां कागदावरचीच असते. यास्तव लागणाऱ्या वस्तूचा पोंचखर्चासह भाव दर आठवड्यास वहींत टिपावा, शेजारीं तालुक्याच्या दुकानाचा भाव लिहावा, आणि आपण जास्तींत जास्त किती देणार तें आधींच ठरवावें. ‘वेळ संपत आली’ असा खोटा धाक घालणें केंद्र सरकारच्या २०२३ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनीं निषिद्ध ठरविलें आहे. त्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करितां येते.

मोठे सेल बहुधा दसरा-दिवाळीच्या सुमारास लागतात. घरगुती वस्तूंसाठीं तोंवर थांबणें शहाणपणाचें. फवारणीच्या पंपाची गोष्ट निराळी. दसऱ्यास चारशें रुपये वाचावे म्हणून श्रावणांत कपाशीवर मावा-तुडतुडे वाढूं देणें, हा कोणता हिशेब? सवलत व्यापाऱ्याच्या सोयीनें येते. कीड कोणाची वाट पाहत नाहीं. म्हणून हंगामी वस्तु ठरल्या रकमेंत मिळतांच घ्यावी, व घेतल्यावर तिचा भाव पुन्हां पाहूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.