भाव चढला, तरी पैसे गेले

शेअर वधारला आणि तरीही पैसे बुडाले, अशी तक्रार हल्ली पुष्कळ तरुण करतात. भाव वर जाणार हा त्यांचा अंदाज बरोबर ठरलेला असतो, त्यामुळे संशय दलालावर जातो. बहुतेक वेळा दलालाचा त्यात काही दोष नसतो. त्यांनी शेअर घेतलेलाच नसतो. घेतलेला असतो ऑप्शन, आणि त्याची किंमत कशाने ठरते याची चौकशी केलेली नसते.

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीला शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. घेण्याचा तो कॉल, विकण्याचा तो पुट. कल्पना आपल्याला नवी नाही. जुन्या बाजारात यांना तेजी-मंदीचे सौदे म्हणत. १९५६च्या कायद्याने ते बंद झाले, १९९५मध्ये बंदी उठली आणि जुलै २००१पासून राष्ट्रीय शेअर बाजारात शेअरांचे ऑप्शन रीतसर सुरू झाले. या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. जमिनीच्या इसारासारखी ही रक्कम व्यवहार सोडला की बुडते. मात्र व्यवहार पुरा केला तरी ती किमतीत वळती होत नाही.

मुदत जितकी लांब तितका प्रीमियम जास्त. रोज तो थोडा झडतो, शेवटच्या आठवड्यात तर फारच वेगाने. व्याजदर वाढला की कॉल किंचित महागतो, मुदतीत लाभांश येणार असेल तर स्वस्त होतो. पण ही किरकोळ बाब.

खरी गोम आहे चढउताराच्या अपेक्षेत. भाव कुठे जाईल यापेक्षा तो किती हेलकावे खाईल, याबद्दल बाजाराला काय वाटते, हे प्रीमियममध्ये धरलेले असते. ब्लॅक आणि शोल्स यांनी १९७३मध्ये मांडलेल्या सूत्रात बाकीचे आकडे समोर दिसतात. हा एक आकडा माणसांच्या मनातून काढावा लागतो. (आमच्यासारख्या कादंबरीवाल्याला त्या गणितात ओळखीची वाटणारी जागा हीच.)

समजा, एका कंपनीचे तिमाही निकाल उद्या आहेत. शेअर १००० रुपयांवर, कॉलही १०००चा, मुदत आठ दिवस. निकालाच्या धाकधुकीने वार्षिक अस्थिरता ४५ टक्के धरली गेली, तर सूत्राप्रमाणे प्रीमियम २७ रुपयांच्या आसपास येतो. निकाल चांगला लागतो, शेअर १०१५ होतो. पण धाकधूक सरली, अस्थिरता २५ टक्क्यांवर उतरली. तोच कॉल आता सुमारे २३ रुपयांचा. शेअर पंधरा रुपये वर, हक्क चार रुपये खाली! कोणी कोणाला फसवलेले नाही.

४ जून २०२४ला, लोकसभेच्या निकालादिवशी, निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळला आणि ही अपेक्षा मोजणारा 'इंडिया व्हिक्स' भडकला. दुसऱ्या दिवशी निफ्टी सावरला, व्हिक्स झपाट्याने उतरला. घाबरून आदल्या दिवशी पुट घेणाऱ्यांना दोन्हीकडून मार बसला.

सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या पाहणीनुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. याला नुसती हाव म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. यातल्या कित्येकांना आपण नेमके काय विकत घेतो आहोत हेच माहीत नव्हते. बाजाराच्या ऑप्शन तक्त्यात 'आयव्ही' असा एक रकाना असतो, तोच हा चढउताराचा आकडा. मोबाइलवर 'खरेदी'चे बटण जेवढे ठळक असते, तेवढ्याच ठळकपणे तो त्याच्या शेजारी छापायला दलालांना सेबीने सांगावे.