साखर म्हणजे नुसते इंधन नव्हे

शरीरात शर्करेचे कार्य काय, असे परीक्षेत विचारले तर तुम्ही ‘ऊर्जा पुरविणे’ असे लिहाल आणि पूर्ण गुण मिळवाल. माझ्या मते अर्धेच मिळावेत! का, ते एका कृमीकडून समजून घेऊ.

आफ्रिकेत व दक्षिण अमेरिकेत शिस्टोसोमा मॅन्सोनी नावाचा कृमी आढळतो. गोगलगायीतून पाण्यात उतरलेली त्याची पिले माणसाच्या कातडीतून आत शिरतात आणि पुढे नर-मादी आतड्याभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षे संसार करतात. पायात काटा रुतून राहिला तर दोन दिवसांत तेथे पू होतो. मग पांढऱ्या पेशींनी गजबजलेल्या रक्तात सुमारे सेंटिमीटरभर लांबीचा हा पाहुणा सुखाने नांदतो कसा?

उत्तराचा एक भाग शर्करेत आहे. या कृमीवर व त्याच्या अंड्यांवर गॅलॅक्टोज, फ्यूकोज अशा शर्करांच्या आखूड साखळ्या असतात. त्यांपैकी ‘लुईस एक्स’ ही रचना आपल्या काही पांढऱ्या पेशींवरही असते. चोराने पहारेकऱ्याचाच गणवेश चढवावा, तसे हे. पण नुसत्या वेषावर भागत नाही. अंड्यांतून ‘ओमेगा-१’ हे प्रथिन स्रवते. त्यावरील शर्करा पाहून आपली पहारेकरी पेशी त्याला आत ओढून घेते. आत जाताच ते पेशीचा आरएनए तोडते, प्रथिननिर्मिती मंदावते आणि प्रतिकाराची दिशाच बदलते. जहाल दाह मागे पडतो. (फुकट नव्हे बरे! यकृतात अडकलेल्या अंड्यांभोवती गाठी होतात, आणि खरा आजार तोच.) शर्करा नसेल तर हे प्रथिन निष्प्रभ ठरते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले.

मग दाहाच्या विकारांवर कृमीच का पोसू नयेत? मला हे पटत नाही. आतड्याच्या क्रोन विकारावर डुकरातील कृमींची अंडी देऊन पाहिली, पण २०१३ सालच्या मोठ्या चाचणीत अपेक्षित गुण आला नाही. औषध शोधायचे ते रेणूत शोधावे. शाळेतली जंतनाशक गोळी तुम्ही खुशाल घ्या.

शिक्षकांना मात्र एक विनंती. कर्बोदकांचा धडा शिकवताना फळ्यावर ग्लुकोजशेजारी फ्यूकोजही काढा. आपला रक्तगट ‘ए’ की ‘बी’, हेदेखील लाल पेशींवरील शर्कराच ठरवतात. तेथून सुरुवात केलीत, तर वर्गाला कृमीपर्यंत नेणे अवघड नाही.