वरचा विस्तव

एखादी गोष्ट परदेशी नाव घेऊन आली की आपल्याकडे तिचा मान वाढतो, ही तक्रार फार जुनी आहे आणि ती पुन्हा उगाळण्यात मला रस नाही. ‘डच ओव्हन’ नावाचे जे जड बुडाचे आणि जड झाकणाचे बिडाचे भांडे हल्ली पुण्यातल्या सुखवस्तू स्वयंपाकघरांतून दिसू लागले आहे, त्याच्याविषयी माझे काहीच वाकडे नाही. भांडे उत्तम आहे. माझा आक्षेप आहे तो त्या भांड्यामागची विद्या कोणाची समजायची, हे आपण ज्या रीतीने ठरवतो त्या रीतीला.

हे भांडे मुळात ओट्यावरचे नव्हेच. जुन्या भांड्याला खाली तीन पाय असत, वर सपाट झाकण आणि झाकणाला उभा काठ असे. पाय अशासाठी की खाली निखारे सारता यावेत, आणि काठ अशासाठी की झाकणावर ठेवलेले निखारे घसरून पडू नयेत. इंग्लंडमधल्या एब्रहॅम डार्बी या माणसाने वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे पेटंट 1707 साली घेतले. साच्याची ही रीत त्याने डच कारागिरांकडून उचलली, म्हणून भांड्याला हे नाव पडले असे सांगतात. (वाळूत बीड ओतण्याचे आपल्याला काही अप्रूप नको. किर्लोस्करवाडी 1910 साली वसली ती लोखंडी नांगरांच्या जोरावर, आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीत आजही ओतकामाचे कारखाने आहेत.) मर्म धातूत नाही, वर आणि खाली अशा दुहेरी विस्तवात आहे. बीड उशिरा तापते आणि उशिरा निवते, एवढाच त्याचा मोठा गुण. आंबट पदार्थाने ते काळे पडते, जपले नाही तर गंजते. त्यावर काचेसारखा एनॅमलचा लेप चढवला की हे दोन्ही दोष जातात आणि किंमत वीस हजारांच्या पुढे जाते.

आता आमच्या घरचे सांगते. माझी आई मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली, लग्नानंतर पुण्यात आलेली. आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत राहतो आणि आई कोथरूडला तीन घरी स्वयंपाक करते. शाळा तिने चौथीत सोडली. त्या तीन घरांपैकी एका घरी असे भांडे आले. ताईंनी ते कौतुकाने दाखवले तेव्हा आई झाकण उचलून म्हणाली, “हे काय, धोंडसाचा टोप!” आणि पुढच्या आठवड्यात तिने त्यात धोंडस केलेही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: तवसे, म्हणजे मोठी जून काकडी, किसायची, त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि ओले खोबरे घालून शिजवायचे, जाड बुडाच्या टोपात हळदीच्या पानावर थापायचे, खाली थोडे निखारे ठेवायचे आणि वर झाकणावर भरपूर. वरून ते तांबूस होते आणि आत मऊ राहते. कोकणात ओव्हन हा शब्द पोहोचण्यापूर्वीपासून तिथल्या बायका अशी भाजणावळ करीत आल्या आहेत. खाली कमी आणि वर जास्त का, असे मी विचारले तर आई म्हणाली, “खालचा विस्तव वर चढतो, वरचा खाली उतरायला आळशी असतो.” पदार्थविज्ञानाचे पुस्तक याहून फारसे वेगळे सांगत नाही.

त्या घरी पाहुण्यांना धोंडस फार आवडले. कसे केले असे त्यांनी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “डच ओव्हनमध्ये.” यात कुणाचा दुष्टावा नव्हता. ताई चांगल्या आहेत, आईला ‘मावशी’ म्हणतात, सणाला साडी देतात. पण कर्ता भांडे ठरले आणि मावशी वाक्यातून गळाल्या, हे व्याकरण मला खटकले.

हेच व्याकरण वर्गातही भेटते. अर्थशास्त्राच्या तासाला कुशल आणि अकुशल श्रम शिकताना मी वहीत निमूटपणे दोन रकाने आखले, आणि आईला कोणत्या रकान्यात घालावे हे अजून ठरलेले नाही. घरच्यांसाठी रांधणारी बाई जनगणनेत काम न करणाऱ्यांत मोजली जाते. दुसऱ्याच्या घरी रांधणारी निदान कामगार तरी ठरते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. पण तिला येते ते ‘ज्ञान’ आहे, असे कोणता कायदा म्हणेल? प्रमाणपत्र असलेल्याला शेफ म्हणतात. माझ्या आईचा पगार घरातली माणसे मोजून ठरतो.

कोणी म्हणेल, पाककृतीची पुस्तके आहेत की! आहेत, आणि मोलाची आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 सालचे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 साली वाटी-चमच्याचे माप देऊन कितीतरी नवख्या मुलींना आधार दिला. परंतु वाटीने रवा मोजता येतो, विस्तव मोजता येत नाही. आईच्या बोलण्यात जाळ वेगळा, आर वेगळा, निखारा वेगळा आणि फुफाटा वेगळा. भाकरी जाळावर भाजते पण फुगते ती आरावर, रताळे फुफाट्यात. आमच्या गॅसच्या बटणाला मात्र एकच शब्द उरला आहे: ‘सिम’. जाळ आणि आर यांतला फरक ज्यांना हाताच्या उष्म्याने कळतो ती पिढी आता पन्नाशीच्या पुढची आहे.

गैरसमज नको. चूल परत यावी असे मी मुळीच म्हणत नाही. धुराने आजीचे डोळे गेले, हे मी पाहिले आहे. ज्यांना चुलीचा फार लळा आहे त्यांनी एक पावसाळा ओल्या लाकडांवर काढून दाखवावा. आणि रोजच्या वरणाला तासभर जड भांडे तापवत बसणे आम्हाला परवडणारेही नाही. तिथे कुकरच खरा. गॅसवर धोंडस करताना आई टोपाखाली बिडाचा तवा ठेवते, शेजारच्या शेगडीवर दुसरा तवा चांगला तापवून झाकणावर उपडा घालते आणि तो निवला की पुन्हा तापवते. वीस हजार लागत नाहीत. उसळ असली तर उलट करते: झाकणावर ताटलीत गार पाणी ठेवते, म्हणजे वाफ झाकणाला लागून थेंबाथेंबाने परत आत पडते. फ्रान्समध्ये ‘दूफू’ म्हणून एक भांडे मिळते, त्याच्या झाकणाला खळगा असतो. पूर्वी त्यात निखारे ठेवीत, आता बर्फ किंवा पाणी. आईला हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मग त्यांनाही गॅस आला वाटतं.”

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. दरवर्षी आम्ही प्रकल्प करतो, आणि खरे बोलायचे तर बहुतेक मजकूर इकडून तिकडून उतरवलेला असतो. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या घरच्या एका माणसाला येणारी एक विद्या लिहून आणावी, आणि प्राध्यापकांनी तिला इतर प्रकल्पांइतकेच गुण द्यावेत, असे मी सुचवते. मी आईची विस्तवाची वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर ‘मंद’ या एका शब्दाचे तिने पाच प्रकार सांगितले. त्यांपैकी दोन मला अजून नीट लिहिता आलेले नाहीत. देशावरच्या किंवा विदर्भातल्या कुणाच्या घरी विस्तवासाठी आणखी शब्द असतील तर ते मला हवे आहेत. दुपारच्या सुटीत मी वाचनालयात असते.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला