विकत घेतलेला गेम आपला की भाड्याचा?

राजेहो, आज विषय सोयाबीनच्या भावाचा नाही, रस्त्याचा नाही आणि नळाच्या पाण्याचाही नाही. विषय आहे कॉम्प्युटरच्या जुन्या गेमचा. "आता पत्रकारानं गेमवर लिहायचं का?" असं काही जणांना वाटेल. पण पूर्ण वाचा. पैसे मोजून घेतलेली वस्तू उद्या आपल्या हातात राहणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. पुढच्याच वर्षी 'एज ऑफ एम्पायर्स २' हा गेम आला आणि २००० मध्ये त्याला जोडून 'द कॉन्करर्स' हे एक्सपान्शन आलं. तेव्हा सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून जी पोट्टी हा गेम खेळायची, ती आज माझ्यासारखी चाळिशीत आहेत. मेंढ्या शोधायच्या, लाकूड तोडायचं, शेती करायची, किल्ला बांधायचा आणि मग शेजाऱ्यावर चाल करायची. एक चीट कोड टाकला की तलवारी-भाल्यांच्या मध्यातून कोब्रा मोटारगाडी गोळ्या झाडत यायची! त्यातल्या किती सीड्या अस्सल होत्या, हे मात्र विचारू नका.

आता हाच गेम मूळ सीडीवरून नव्या लॅपटॉपवर टाकून बघा. पहिली अडचण, लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. बाहेरचा ड्राइव्ह जोडला तर विंडोज म्हणते 'डायरेक्टप्ले' चालू करा. त्या काळातल्या पुष्कळ सीड्यांवर चोरी रोखायला 'सेफडिस्क' नावाचं कुलूप असायचं. ते २०१५ पासून विंडोज १० मध्ये चालतच नाही. म्हणजे ज्यानं प्रामाणिकपणे पैसे देऊन अस्सल सीडी घेतली, तोच कुलपाबाहेर! एवढं करून गेम चालू झालाच तर कधी पाणी-गवताचे रंग बिघडतात, कधी चित्र आजच्या रुंद स्क्रीनवर नीट बसत नाही.

हे दुखणं बरं कोणी केलं? गेम बनवणारा 'एन्सेम्बल स्टुडिओज' तर २००९ च्या जानेवारीतच बंद झाला. उपाय काढला तो खेळणाऱ्यांनी. त्यांनी 'यूजरपॅच' तयार केला. आधी मूळ गेम टाकायचा, त्यावर एक्सपान्शन, मग कंपनीचा शेवटचा पॅच, त्यावर यूजरपॅच आणि सगळ्यात शेवटी आपल्या आवडीचे मॉड. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ही सगळी माहिती जगभरातल्या हौशी लोकांनी फुकट लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला मिळते.

पुढची गोष्ट तर आणखी भारी आहे. अशाच काही चाहत्यांनी 'फरगॉटन एम्पायर्स' नावाचा मॉड बनवला. २०१३ मध्ये तोच 'द फरगॉटन' नावाचं अधिकृत एक्सपान्शन झाला आणि त्यातून 'इंडियन्स' ही संस्कृती गेममध्ये आली. २०२२ च्या 'डायनेस्टीज ऑफ इंडिया'त तिच्या जागी हिंदुस्तानी आले, शिवाय बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा वेगळ्या संस्कृती आल्या. मॉड करणारी पोरं म्हणजे रिकामटेकडी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. पंचवीस वर्षांपूर्वीचा गेम आज जिवंत आहे, त्यात या रिकामटेकड्यांचा मोठा वाटा आहे.

पण हे शक्य का झालं? गेम लोकांच्या हातात होता म्हणून. आता उलट उदाहरण बघा. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा गेम. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं त्याचे सर्व्हर बंद केले आणि गेम मेला. डिस्क कपाटात असली तरी उपयोग शून्य, कारण सर्व्हरशिवाय तो चालतच नव्हता. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरनं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली. युरोपातल्या अधिकृत नागरिक याचिकेवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे. सर्व्हर जन्मभर चालवा असं कोणी म्हणत नाही. दुकान बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे. ग्राहकाला फक्त लायसन्स मिळत असेल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरता येत नाही. आपल्याकडे २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्यानं बंदी आणली, ते बरंच झालं. पण विकत घेतलेला गेम उद्या बंद पडला तर ग्राहकानं काय करायचं, हा प्रश्न तसाच राहिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची बॅकअप कॉपी करू देतं. पण पलीकडचा सर्व्हरच गेला, तर ती कॉपी काय कामाची?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. एक, विकताना लायसन्स म्हणजे काय ते मराठीत, ठळक अक्षरात सांगा. दोन, सर्व्हर बंद करण्याआधी गेम ऑफलाइन चालेल असा शेवटचा पॅच द्या. तीन, कंपनीनं वाऱ्यावर सोडलेला गेम दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांना कायद्याचं संरक्षण द्या. आणि हे फक्त गेमचं नाही. पुस्तकं, गाणी, सिनेमे, सगळं आता याच वाटेनं चाललं आहे.

तोवर आपण काय करायचं? 'जीओजी'सारख्या ठिकाणी गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, तो उतरवून वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. जुन्या सीड्या भंगारात देऊ नका.

आणि कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरापोरींना एक सांगणं. एज ऑफ एम्पायर्समध्ये आपला नकाशा, आपली मोहीम तयार करायला सिनॅरिओ एडिटर दिलेला आहे. आपलं वाशिम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. ते त्या नकाशावर कोणी उभं करता का? केलं तर मला कळवा, बातमी मी लावतो.

तुमच्याकडे असा कोणता जुना गेम पडून आहे, आणि तो अजून चालतो का? कॉमेंटमध्ये सांगा.