जखमेचे मोल आणि कागदाचे वजन

अपघातात हात गमावलेल्या माणसाला त्या हाताची किंमत विचारणे क्रूरपणाचे वाटेल. परंतु मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला नेमके हेच काम रोज करावे लागते. ही कल्पना पश्चिमेकडून आलेली आहे असे मानण्याचेही कारण नाही. दुसऱ्याला जखमी करणाऱ्याने राजाचा दंड भरून सुटू नये, जखमी बरा होईपर्यंतचा खर्च, म्हणजे ‘समुत्थानव्यय’, त्याच्याकडून वसूल करावा, असे मनू आणि याज्ञवल्क्य या दोन्ही स्मृतिकारांनी सांगून ठेवले आहे. प्रश्न तत्त्वाचा नाही, हिशेबाचा आहे. आणि त्या हिशेबात कष्टकरी समाज सातत्याने मागे पडतो, ही चिंतेची बाब आहे.

हिशेबाची रीत वरवर पाहता सर्वांना समान आहे. वार्षिक उत्पन्न, कमाईच्या क्षमतेत झालेली घट आणि वयानुसार ठरलेला गुणक यांचा गुणाकार करायचा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली हे गुणक निश्चित केले. पंचविशीच्या आतील व्यक्तीसाठी १८, पासष्टीच्या पुढे ५. बत्तीस वर्षांच्या एखाद्या गवंड्याचा उजवा हात गेला, तर गुणक १६. त्याची मासिक कमाई १८ हजार रुपये सिद्ध झाली आणि कमाईची क्षमता पूर्ण गेली असे मानले गेले, तर या एका सदराखाली ३४ लाख ५६ हजार रुपये होतात. पुरावा नाही म्हणून कमाई ८ हजार धरली आणि घट ४० टक्केच मानली, तर तोच हात ६ लाख १४ हजार ४०० रुपयांचा ठरतो. उपचारांचा खर्च, वेदना, पुढील शस्त्रक्रिया, भविष्यातील उत्पन्नवाढ हे सारे वेगळे. पण मुख्य दरी इथेच पडते.

यातील टक्केवारीचा घोळ विशेष घातक आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावरील आकडा अवयवाच्या अपंगत्वाचा असतो, पोटापाण्याच्या नुकसानीचा नव्हे. डावा हात गेलेला सरकारी कारकून कदाचित त्याच पगारावर राहील, परंतु वाहनचालक किंवा सुतार मात्र कामातून पूर्णच उठेल, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात स्पष्ट केला आहे. तरीही जखमी माणूस नेमके कोणते काम करत होता हे न्यायाधिकरणासमोर नीट मांडलेच गेले नाही, तर दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा उचलला जाण्याचा धोका राहतोच. मजुराकडून उत्पन्नाच्या कागदपत्रांची अपेक्षा धरता येत नाही, हेही पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने बजावले. पण प्रत्येक मजुराला दिल्लीपर्यंत जाणे परवडते थोडेच!

बारा वर्षांच्या एका मुलीच्या दाव्याने हे उघड केले. २००७ च्या अपघातात ती कायमची परावलंबी झाली. न्यायाधिकरणाने तिला सुमारे ११ लाख दिले, उच्च न्यायालयाने सुमारे २६ लाख, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार. जखम एकच, मोल तीन! वाढलेल्या रकमेतील मोठा वाटा तिच्या शुश्रूषेसाठी जन्मभर लागणाऱ्या मदतनिसांचा होता. शिवाय वार्षिक १५ हजारांच्या काल्पनिक उत्पन्नाऐवजी कुशल कामगाराचे किमान वेतन आधार मानले गेले.

गृहिणीची गत तर याहून विपरीत. मातृदेवतेचे स्तवन करणाऱ्या या देशाच्या २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रीला भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, अनुत्पादक म्हणून बसवण्यात आले होते. त्यावर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच कोरडे ओढावे लागले. गृहिणीच्या श्रमाचे आर्थिक मूल्य धरलेच पाहिजे, हे २०२१ च्या निकालाने पुन्हा ठामपणे सांगितले. कुटुंबसंस्थेचा अभिमान मिरवणाऱ्यांनी हे आधीच सांगायला हवे होते.

अपघात घडताच रक्तदानाला धावणारे तरुण आपल्याकडे गावोगावी आहेत, आणि ते भूषणावह आहे. परंतु आठवड्याभरात धावपळ ओसरते आणि रुग्णालयाच्या दारात घुटमळणारा दलाल तेवढा उरतो. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन तो अल्प रकमेत तडजोड उरकतो. १ एप्रिल २०२२ पासून दावा दाखल करण्यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्याने घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी तिच्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हे सहा महिने पाहता पाहता सरतात. स्थानिक कार्यकर्त्यांनी आणि समाजाशी बांधिलकी मानणाऱ्या वकिलांनी नेमक्या याच काळात त्या घरी जावयास हवे. औषधांची बिले आणि प्रवासखर्चाच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी असल्यास ती शोधावी. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला मिळवावा व तो देणारा डॉक्टर साक्षीस येईल हे पाहावे. आणि मुकादम दुसऱ्या गावी कामाला निघून जाण्याआधी त्याच्याकडून मजुरीचे लेखी घ्यावे.