पात्रता प्रांतावर नको, खेळावर ठरवा

प्रति,
अध्यक्ष, केंद्रीय परिषद आणि सर्व काउंटी मंडळांचे प्रतिनिधी,
गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन (जीएए),
क्रोक पार्क, डब्लिन



पत्र मराठीत आहे म्हणून दचकू नये. डब्लिन आणि आसपासच्या गावांत आता इतके मराठी लोक राहतात की कुणाकडून तरी ते वाचून घेणं आपल्याला अवघड जाणार नाही. शिवाय भांडायचं तर मायबोलीतच भांडावं, नाहीतर समाधान होत नाही. मी राहते नॅव्हनला, म्हणजे मीथ काउंटीत. तेव्हा या पत्रात मीथबद्दलचा पक्षपात दिसला तर तो अनवधानाने आलेला नाही.

हे पत्र आपल्याआधी मराठी वाचक वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात. गेलिक फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू असतात आणि चेंडू हातानेही चालतो, पायानेही. जाळ्यात गेला तर तीन गुण, आडव्या दांडीवरून गेला तर एक. २०२५पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन. खेळाडूंना पगार नाही. शनिवारी क्रोक पार्कवर खेळणारा माणूस सोमवारी शाळेत गणित शिकवतो किंवा गाईंच्या धारा काढतो. दुसऱ्या संघाचा खेळाडू पैसे टाकून आणता येत नाही. आपल्या काउंटीत जे पिकेल त्यावरच भागवायचं. आणि काउंटी तरी कशा? लीट्रिमची लोकसंख्या सुमारे ३५ हजार, डब्लिनची साडेचौदा लाख. कित्येक दशकं दोघांना एकाच स्पर्धेत, एकाच सॅम मॅग्वायर करंडकासाठी उभं केलं जात होतं. २०११ ते २०२४ या काळात डब्लिनने लेन्स्टर प्रांताचं विजेतेपद सलग चौदा वेळा जिंकलं, यात नवल ते काय? २०२३च्या लेन्स्टर अंतिम सामन्यात लाउथ २१ गुणांनी हरलं. अंतिम सामना होता हो तो! दुसऱ्या अर्ध्यात प्रेक्षकांनी बघायचं काय?

म्हणून आपण २०२२मध्ये दुसऱ्या श्रेणीसाठी टॅल्टन करंडक सुरू केलात, ते उत्तमच केलंत. माझी तक्रार श्रेणींबद्दल नाही. श्रेणी हव्यातच. पण वरच्या सोळांत कोण आणि खालच्या स्पर्धेत कोण, हे आपण ज्या रीतीने ठरवता त्यात खोट आहे, आणि ती दुरुस्त होत नाही तोवर या स्पर्धेकडे लोक ‘उरलेल्यांची’ म्हणूनच पाहतील.

दुसरी श्रेणी म्हणजे अपमान, असं अजूनही बरेच जण म्हणतात. त्यांनी १९९०कडे पाहावं. त्या वर्षी आपण अखिल आयर्लंड ‘ब’ स्पर्धा सुरू केली आणि ती लीट्रिमने जिंकली. चार वर्षांनी, १९९४मध्ये, त्याच लीट्रिमने कॉनॉक्ट प्रांत जिंकला, तोही १९२७नंतर प्रथमच. १९९१ची ‘ब’ स्पर्धा क्लेअरने जिंकली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात मन्स्टरच्या अंतिम सामन्यात केरीला हरवलं. केरीला! क्लेअरचं त्याआधीचं मन्स्टर विजेतेपद १९१७चं होतं. निव्वळ ‘ब’ स्पर्धेमुळेच हे घडलं असं मी म्हणणार नाही. दोन्ही संघांना चांगले प्रशिक्षक मिळाले, चांगली पिढी मिळाली. पण जिंकायचं कसं हे जिंकूनच कळतं. दरवर्षी मे महिन्यात एकदा पंधरा गुणांनी मार खाऊन घरी जाणाऱ्याला ते कळायला जागाच नसते. ‘बलाढ्यांशी खेळल्याशिवाय दुबळे शिकणार कसे’ हा युक्तिवाद मी आपल्या अधिवेशनांच्या बातम्यांत अनेकदा वाचला आहे. तो करणारे बहुधा बलाढ्यांपैकीच असतात.

क्लबांत तर हा प्रश्न कुणाला पडतच नाही. वरिष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ असे क्लबांचे दर्जे आहेत, वर चढणं आहे, खाली घसरणं आहे, आणि प्रत्येक दर्जाचा अखिल आयर्लंड विजेता ठरतो. डेव्हिड क्लिफर्ड हा २०२२चा सर्वोत्तम फुटबॉलपटू. त्याच वर्षी केरीला सॅम मॅग्वायर मिळवून दिल्यावर तो आपल्या फोसा गावाकडून कनिष्ठ क्लब स्पर्धा खेळत होता, आणि जानेवारी २०२३मध्ये फोसाने क्रोक पार्कवर ती जिंकली. (त्या सामन्यात लाल कार्डांचा पाऊस पडला आणि क्लिफर्ड बंधूही त्यात भिजले, पण ते असो.) ‘कनिष्ठ’ शब्दामुळे त्याची किंवा फोसाची मान खाली गेलेली दिसली नाही. गावात जे चालतं ते काउंटीची जर्सी चढवली की एकदम अपमानास्पद का होतं?

आता खोट कुठे आहे ते सांगते. सॅम मॅग्वायरच्या सोळा जागांपैकी आठ जागा चार प्रांतांच्या अंतिम सामन्यात पोहोचणाऱ्यांना मिळतात, एक आदल्या वर्षीच्या टॅल्टन विजेत्याला, आणि उरलेल्या चार विभागांच्या लीगमधल्या क्रमवारीप्रमाणे. कागदावर हे न्याय्य दिसतं. पण २०२३मध्ये काय झालं? चौथ्या विभागात खेळणारं स्लायगो कॉनॉक्टच्या अंतिम सामन्यात पोहोचलं, ते लंडन आणि न्यूयॉर्क या परदेशातल्या आयरिश संघांना हरवून. न्यूयॉर्कने त्याआधी लीट्रिमला पेनल्टीवर हरवून आपला चॅम्पियनशिपमधला पहिलावहिला विजय मिळवला होता. ब्राँक्समधला तो जल्लोष मीही मनापासून एन्जॉय केला. पण त्यामुळे झालं असं की आयर्लंडमधल्या एकाही काउंटीला न हरवता स्लायगो पहिल्या श्रेणीत गेलं. तिथे डब्लिनने त्यांचं काय केलं, ते स्लायगोच्या लोकांना मी पुन्हा सांगत नाही.

त्याच वर्षी कॅव्हन आणि फर्मॅना तिसऱ्या विभागात पहिले दोन क्रमांक मिळवून वर चढले होते. सात-सात सामने बरोबरीच्या संघांशी खेळून मिळवलेली बढती. ते मात्र टॅल्टनमध्ये. दोष एवढाच की ते अल्स्टरमध्ये जन्मले, जिथे अंतिम सामन्याची वाट दरवेळी काट्याकुट्यांची असते. २०२५मध्ये डोनेगॉलला अल्स्टर जिंकण्यासाठी डेरी, मोनाहन, डाउन आणि आर्मा अशा चौघांना हरवावं लागलं. मन्स्टरमध्ये २०२४ साली क्लेअर एक सामना जिंकून अंतिम फेरीत होतं, आणि म्हणून पहिल्या श्रेणीत होतं. त्या एका सामन्यात समोर वॉटरफर्ड होतं, ज्यांनी मन्स्टर शेवटचं जिंकलं ते १८९८मध्ये. क्लेअरचा यात काही गुन्हा नाही. जे सोडत देते ते त्यांनी घेतलं. गुन्हा नियमाचा आहे.

२०२३मध्ये खाली ढकलला गेलेला तिसरा संघ आमचा. मीथ दुसऱ्या विभागात टिकलं होतं, पण लेन्स्टरमध्ये ऑफलीकडून हरलं आणि टॅल्टनमध्ये आलं. सात वेळा अखिल आयर्लंड जिंकलेली काउंटी दुसऱ्या श्रेणीत! नॅव्हनमधल्या म्हाताऱ्या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. पण प्रशिक्षक कोलम ओरुर्कच्या त्या कोवळ्या संघाने तोंड वाकडं न करता स्पर्धा खेळली, अंतिम सामन्यात डाउनला हरवलं, आणि दोनच वर्षांनी, २०२५मध्ये, मीथने एकाच हंगामात डब्लिन, केरी आणि गॉलवे यांना पाणी पाजलं. त्या वर्षीचा विजेता केरीच होता, हे लक्षात घ्या. उपान्त्य सामन्यात डोनेगॉलने आम्हाला धुऊन काढलं हेही खरं, त्यावर मी जास्त लिहिणार नाही. म्हणजे अन्याय झाला तरी औषध लागू पडलं. मग अन्यायाविना ते द्यायला काय हरकत आहे?

या सगळ्यावर एक उत्तर आपल्याकडे तयार असतं: नोव्हेंबर २०२०. कोविडमुळे लांबलेल्या त्या हंगामात एकाच रविवारी टिपररीने १९३५नंतर प्रथमच मन्स्टर जिंकलं आणि कॅव्हनने अल्स्टर. १९२०मध्ये क्रोक पार्कवर झालेल्या गोळीबाराच्या, म्हणजे रक्तरंजित रविवारच्या, शताब्दीच्या दुसऱ्याच दिवशी, आणि अखिल आयर्लंडचे उपान्त्य फेरीतले चार संघ अगदी १९२०चेच. टिपररी तेव्हा तिसऱ्या विभागात होतं, आणि कॅव्हनची घसरण त्याच वर्षी तिसऱ्या विभागात झाली होती. अशा दिवसावर पाणी सोडा असं मी कशी म्हणेन? पण ते दोघे विजेते होते. नुसते अंतिम सामन्यात पोहोचलेले नव्हते. प्रांत जिंकणाऱ्याला पहिल्या श्रेणीत जागा जरूर द्या, मग तो कुठल्याही विभागात असो. हरणाऱ्याला मात्र लीगमधल्या त्याच्या क्रमांकावर सोडा. म्हणजे चार जागा प्रांतविजेत्यांच्या, एक टॅल्टन विजेत्याची आणि अकरा लीगच्या. एवढ्याशा बदलाने फेब्रुवारीतल्या चिखलात खेळलेल्या सामन्यांना अर्थ येईल, आणि प्रेक्षकाला पहिल्या दिवसापासून कळेल की कशासाठी ओरडायचं आहे.

लाउथचंच बघा. २०२१मध्ये चौथ्या विभागातून वर, २०२२मध्ये तिसऱ्यातून वर, आणि २०२५मध्ये लेन्स्टरचे विजेते, १९५७नंतर प्रथमच. तेही, दुर्दैवाने, आम्हाला हरवून. २१ गुणांनी हरल्यानंतर दोन वर्षांत ही मजल. लीगची शिडी काम करते याचा याहून धडधडीत पुरावा मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट मागायची आहे ती आपल्याच दुसऱ्या खेळाकडून, हर्लिंगकडून, उसनी घेऊन. तिथे आपण पाच श्रेणी चालवता आणि कुणी कुरकुरत नाही. २०१९मध्ये लीशने दुसऱ्या श्रेणीचा ‘जो मॅकडोना’ करंडक जिंकला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे त्यांना त्याच उन्हाळ्यात वरच्या स्पर्धेत एक सामना मिळाला, डब्लिनविरुद्ध, घरच्या मैदानावर. करंडक जिंकून जेमतेम आठवडा झालेला. जिंकले! पोर्टलीशच्या मैदानावर त्या दिवशी माणसं वेड्यासारखी धावत आली. पुढच्या फेरीत टिपररीने त्यांना थांबवलं आणि टिपररीच त्या वर्षी विजेते ठरले. पण लीशला आपण कुठे उभे आहोत हे त्याच वर्षी, त्याच अंगातल्या उत्साहात कळलं. फुटबॉलमध्ये टॅल्टन विजेत्याला बक्षीस मिळतं ते पुढच्या वर्षीचं प्रवेशपत्र. दहा महिन्यांत तीन खेळाडू ऑस्ट्रेलियाला जातात, एकाचा गुडघा जातो, प्रशिक्षक बदलतो. आपण ज्याला बक्षीस देता तो संघ तोवर उरलेलाच नसतो.

टॅल्टन विजेत्यालाही त्याच उन्हाळ्यात वरच्या स्पर्धेत एक सामना द्या. त्यासाठी टॅल्टन करंडक जूनच्या मध्यापर्यंत संपवावा लागेल, हे मला कळतं. संपवा. २०२२मध्ये पहिला करंडक वेस्टमीथने जिंकला तो थेट बाद पद्धतीतच. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत सॅम मॅग्वायरमध्येही आपण २४ गटसामने खेळवून फक्त चार संघ बाहेर काढत होता, आणि ते गट २०२६पासून रद्द करायचं २०२५च्या अधिवेशनात आपणच ठरवलंत. तेव्हा गटांचं प्रेम नडतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. वरच्या स्पर्धेत विजेत्यासाठी एक जादा सामना बसवावा लागेल. वेळापत्रक करणाऱ्यांना एक रात्र जागावं लागेल, इतकंच.

आणि अंतिम सामना. २०२२ ते २०२५, चारही वर्षं टॅल्टनचा अंतिम सामना सॅम मॅग्वायरच्या उपान्त्य सामन्याच्या आधी, त्याच दुपारी झाला. समर्थन असं की खेळाडूंना मोठी गर्दी मिळते. ८२ हजारांच्या मैदानात ती गर्दी दुसऱ्या सामन्याची असते, आणि निम्मी तर तोवर बाहेर सँडविच खात असते. लिमरिक आणि किल्डेअरसारख्या, हा अंतिम सामना खेळलेल्या काउंटींच्या लोकांना स्वतःचा रविवार द्या. मैदान क्रोक पार्कच असू दे, वरचे सज्जे रिकामे राहिले तरी चालतील. टॅल्टनच्या आधीचा दुसऱ्या श्रेणीचा टॉमी मर्फी करंडक २००४ ते २००८ अशी पाचच वर्षं जगला, हे आपण विसरला नसाल. तो क्लेअर, टिपररी, लाउथ, विकलो, अँट्रिम अशांनी जिंकला. विकलोला तर केरीला आठ वेळा अखिल आयर्लंड जिंकून देणाऱ्या मिक ओड्वायरने जिंकवला. त्या संघांत जीव होता. पण जिंकून पुढे काही मिळत नव्हतं, आणि जे कुणी बघत नाही त्यासाठी माणसं सुट्ट्या खर्च करत नाहीत.

ऑक्टोबर २०२१मध्ये लीगवर आधारलेल्या चॅम्पियनशिपचा ‘प्रस्ताव ब’ आपल्यासमोर आला होता. त्याला ५०.६ टक्के मतं पडली; हवी होती ६०. निम्म्याहून जास्त प्रतिनिधींना बदल हवा होता आणि तरी तो बारगळला, कारण त्यात प्रांतीय स्पर्धांना वसंतात सरकवलं जाणार होतं. मी मागते आहे त्यात प्रांताला कुणी हात लावत नाही. मन्स्टरचा अंतिम सामना आहे तिथे राहील, अल्स्टरचा राहील, करंडक राहतील, जुनी वैरंही राहतील. फक्त हरलेल्या अंतिम सामन्याचा सॅम मॅग्वायरचा पास बंद होईल. तेव्हा पुढच्या अधिवेशनाआधी प्रत्येक काउंटी मंडळाने हा एवढाच ठराव आपल्या क्लबांपुढे ठेवावा आणि त्यांचं मत घेऊनच डब्लिनला यावं. मीथच्या मंडळाला मी वेगळं पत्र पाठवते आहे, इंग्रजीत.

आपली,
नॅव्हनची एक मराठी प्रेक्षक