विश्लेषण : कौल विरोधात गेला तर? तरुण बॉक्सरचा आत्मविश्वास आणि खिलाडूवृत्ती कुठून येते?

बॉक्सिंगची लढत संपते, रेफ्री दोन्ही मुलांची मनगटे धरून मधोमध उभा राहतो आणि हात एकाचाच वर जातो. जॅब, हुक, पायांची हालचाल हे सगळे दुसऱ्याला शिकवलेले असते. पुढच्या अर्ध्या मिनिटात कसे वागायचे, हे मात्र अनेकदा राहून गेलेले असते. आत्मविश्वास सरावातून येतो आणि खिलाडूवृत्ती घरच्या संस्कारांतून, असे आपण धरून चालतो. या खेळात मात्र दोन्ही एकाच मुळातून येतात.

निकाल नेमका कसा लागतो?

हौशी बॉक्सिंगमध्ये पाच पंच गुण देतात. २०१३ पासूनच्या पद्धतीनुसार प्रत्येक फेरीत सरस ठरलेल्याला १० आणि दुसऱ्याला ९ किंवा त्याहून कमी गुण मिळतात. लक्ष्यभागावर बसलेले स्वच्छ ठोसे, तंत्र व डावपेचांतील वर्चस्व आणि लढण्याची जिद्द पाहिली जाते. धावपटूचा निकाल घड्याळ देते, इथे तो पाच माणसांच्या मतावर ठरतो. ३-२ अशा निकालात एका पंचाचे मत फिरले असते तर विजेताही बदलला असता. चांगले लढूनही हरण्याची शक्यता या खेळाच्या रचनेतच आहे. म्हणूनच ज्याचा सगळा आत्मविश्वास वर गेलेल्या हातावर टांगलेला असतो, तो एका कौलाने कोसळतो.

मग आत्मविश्वास उभा करायचा कशावर?

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले, की ‘मला हे जमते’ ही भावना सर्वाधिक पक्की होते ती स्वतः करून पाहिल्याने. नुसत्या प्रोत्साहनाचा असर त्यापेक्षा कमी असतो. ‘तू जिंकणारच’ हे वाक्य पहिला ठोसा खाताच विरते. ‘जॅबनंतर माझा हात परत हनुवटीपाशी येतो’ ही खात्री तिसऱ्या फेरीतही टिकते.

ती खात्री मिळते स्पारिंगमध्ये, आणि तिथे खिलाडूवृत्तीचा प्रश्न सुरू होतो. थोरल्या मुलाने नवख्याला पहिल्याच आठवड्यात झोडपले, तर नवखा फक्त डोळे मिटायला शिकतो. थोरल्याने जोर आवरून त्याला ठोसा चुकवायची संधी दिली, तर तो डोळे उघडे ठेवायला शिकतो. एकाचा आत्मविश्वास घडतो तो असा, दुसऱ्याच्या खिलाडूवृत्तीवर.

जास्मिन लम्बोरियाचे उदाहरण ताजे आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ती पहिल्याच लढतीत हरली. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला ५७ किलो गटात ती विश्वविजेती झाली, तीही अंतिम फेरीत पॅरिसच्या रौप्यविजेतीला हरवून. तो कौलही ४-१ होता, म्हणजे एका पंचाचे मत तिच्या विरोधातच होते.

कौल अन्यायाचा वाटला तर?

२०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीचा वादग्रस्त कौल विरोधात गेल्यावर सरिता देवीने कांस्यपदक स्वीकारले नाही. तिने ते दक्षिण कोरियाच्या पार्क जी-नाच्या गळ्यात घातले. तिची वेदना खरी होती. पण रोष ज्या प्रतिस्पर्ध्यावर निघाला, तिने कौल दिला नव्हता. पुढे सरिताला माफी मागावी लागली आणि एक वर्षाची बंदीही सोसावी लागली.

याची दुसरी बाजू १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये दिसते. अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनियर अंतिम लढतीत स्पष्ट सरस असूनही यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनला ३-२ असा विजय दिला गेला. २०२३ मध्ये पार्कने अमेरिकेत जाऊन ते सुवर्णपदक जोन्सच्या हाती सोपवले. निकाल चुकतात, आणि खिलाडूवृत्ती जिंकणाऱ्यालाही लागते.

जबाबदारी कोणाची?

सगळा भार पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर टाकणे हा ढोंगीपणा ठरेल. प्रशिक्षकाने गुणांकनाचे निकष मुलांना पहिल्या स्पर्धेआधीच समजावून द्यावेत. निकालानंतर प्रतिस्पर्ध्याशी आणि त्याच्या कोपऱ्याशी हात मिळवण्याचा सरावही तालमीतच घ्यावा. मोबाइल रोखून रिंगबाहेरून पंचांना शिव्या घालणाऱ्या पालकांनी एवढे लक्षात ठेवावे, की मूल ते ऐकत असते. हरकत नोंदवणे हे संघ व्यवस्थापकाचे काम आहे, मुलाचे नाही.

सर्वांत मोठी जबाबदारी संघटनांची. प्रत्येक फेरीचे गुण लढतीनंतर मुलाच्या हाती पडायला हवेत, अगदी जिल्हा पातळीवरही. कुठली फेरी का गेली हे कळले, तर तो सोमवारी पुन्हा तालमीत येईल. काहीच न कळता घरी गेला, तर कदाचित येणार नाही. कौल मुकाट्याने स्वीकार, असे मुलाला सांगणाऱ्यांनी आधी तो कौल त्याला समजेल असा द्यायला हवा.